कवितेत नसलेला कोट

"कोट कुठून आला, तेवढं फक्त सांगा मला."

"कवितेतून आलेला नाही, हे तुम्हालाही दिसतंय, सर."

"मला काय दिसतंय ते सोडा. मंडळाला काय दिसलं ते वाचा. एकेचाळीस पोरांचा वर्ग, त्यातल्या अडतिसांनी करडा कोट लिहिलाय. आणि नुसता कोट नाही, बाई. त्याचं तिसरं बटण काळं आहे, हेही लिहिलंय. अडतीस डोक्यांतून एकच बटण कसं निघतं?"

"निघालं खरं."

"ह्याला मंडळाच्या भाषेत सामूहिक कॉपी म्हणतात."

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघंही उभीच होती. खुर्च्या तीन होत्या, पण बसून भांडण रंगत नाही. टेबलावर उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पानावर परीक्षकाने लाल पेनाने एकाच जागी गोल केला होता. प्रश्न कवितेवरचा होता, पाच गुणांचा. कवितेत कोट नव्हता. बटण तर नव्हतंच नव्हतं. मंडळाने अख्ख्या वर्गाचा निकाल अडवून धरला होता आणि शाळेकडे लेखी खुलासा मागवला होता.

मुख्याध्यापकांना शाळेत सगळे रिमोट सर म्हणत, कारण लोक खिशाला पेन लावतात तसा ते प्रोजेक्टरचा रिमोट लावत. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणसाला खुर्ची मिळाली की तो वाईट माणसाची कामं बिनबोभाट करतो. त्यांनी खुलासा टाइप करूनच ठेवला होता. विद्यार्थ्यांनी बाजारातल्या एखाद्या गाइडमधून उत्तर पाठ केलं असावं, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. खाली विषयशिक्षिकेच्या सहीची रेघ.

बाईंनी विचारलं, कुठलं गाइड? सर म्हणाले, असेल एखादं, बाजारात गाइडांना काय तोटा आहे. मग पोरांचं काय होणार? फेरपरीक्षा होईल, चार महिन्यांनी. चार महिन्यांनी पुढचे सगळे प्रवेश भरून गेलेले असतील. ते खरं आहे, सर म्हणाले, पण शाळा वाचते.

"आणि कोट मी दाखवला, असं मी लिहून दिलं तर?"

सरांनी रिमोट खिशातून काढून टेबलावर ठेवला. "तर पोरं सुटतील. पण तुमचा वर्ग जाईल. सरळ आहे. तुम्हाला खाली रेकॉर्डच्या खोलीत बसवतील. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, ती दाखले शोधण्यात जातील. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता, बाई?"

बाई म्हणाल्या, उद्या सांगते. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पाचव्या तासाला गेल्या, कारण घंटा झाली होती.

*

त्यांचं खरं नाव शाळेत फक्त पगारपत्रकावर होतं. पोरं त्यांना थांबाबाई म्हणत. पोरांचे मोठे भाऊबहीणही तेच म्हणत आले होते. एकोणतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती: थांबा. पुन्हा वाचा. एखादा उभा राहून कविता वाचायला लागला की तिसऱ्या शब्दाला त्यांचा हात वर जायचा. थांबा. इथे 'ठेवला' म्हटलंय, 'टाकला' का नाही? पोरगं खिडकीबाहेर बघायचं, बाई पोराकडे बघायच्या आणि वर्ग घड्याळाकडे. शिक्षकांच्या खोलीत भूगोलवाले म्हणायचे, ह्यांच्या तासाला गोगलगायसुद्धा म्हणेल, जरा उरका. बाई हसायच्या. आठ ओळींच्या कवितेला त्या चार दिवस घेत आणि चौथ्या दिवशी वर्गातलं कुणीतरी, बहुधा ज्याच्याकडून कुणालाच आशा नसते असं कुणीतरी, एकदम म्हणायचं, बाई, पण हे कुणी सांगितलंच नाहीये कवितेत. त्या एका वाक्यासाठी त्यांची नोकरी चालली होती.

ही खोड वडिलांची. वडील छापखान्यात प्रूफं तपासायचे. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला एक लांबट फट कापलेली असायची. तो पुठ्ठा मजकुरावर ठेवायचा, म्हणजे एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं राहतं. वडील म्हणायचे, पुढचं दिसायला लागलं की माणूस हातातलं वाचत नाही, वाटेल ते वाचतो. चूक सापडायला हुशारी लागत नाही, फक्त घाई नको. आठ वर्षांची असल्यापासून ही मुलगी त्यांच्या शेजारी बसून फटीतून वाचत होती. छापखाना बंद झाला, वडील गेले, पण पुठ्ठा वर्गात आला. दर वर्षी पहिल्या आठवड्यात बाई सगळ्या पोरांना तो कापायला लावत. पालक विचारत, हे कार्यानुभवात येतं का?

मग शाळेत फळ्याच्या जागी स्मार्ट बोर्ड आला. रिमोट सरांनी फर्मान काढलं की प्रत्येक विषयाचा प्रत्येक धडा बोर्डावर व्हायला हवा. चित्रं, आवाज, हलती अक्षरं, सगळं हवं. भूगोलवाल्यांनी ज्वालामुखी असा उडवला की शेजारच्या वर्गातली पोरं धावत बघायला आली. विज्ञानाच्या बाईंनी बेडकाचं काळीज धडधडतं दाखवलं. थांबाबाईंनी वर्षभर दाद दिली नाही. दुसऱ्या वर्षी सरांनी लेखी विचारलं, आपलं प्रेझेंटेशन कधी? बाईंना तर मोबाइलवर आलेला फोटो मोठा करून बघायलाही लेक लागायची.

लेकीला घरात मनी म्हणत, घाऱ्या डोळ्यांवरून. वय पंचवीस. ती घरातूनच काम करायची, मागच्या खोलीत दोन स्क्रीन लावून. कारखान्यांसाठी, इमारतींसाठी सुरक्षिततेच्या फिल्मा बनवायची. लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे, ही तिची सगळ्यात चाललेली फिल्म. त्या राहत होत्या त्या इमारतीला लिफ्टच नव्हती, तीन मजले पायी चढावे लागत, आणि ह्यावर दोघींचं वर्षातून दोनदा तरी हसून व्हायचं. एरवी त्या घरात बोलणं बेताचंच.

मनी म्हणाली, दे इकडे तुझी कविता. मी करते.

कविता पाठ्यपुस्तकातली होती, आठ ओळींची, शीर्षक नसलेली.

*दिवा मी लावला नाही,*
*अंधार तसाच ठेवला.*
*दोन पेले मांडले होते,*
*एक उचलून ठेवला.*

*कुणी विचारलं तर सांगेन,*
*आज उशीर झाला.*
*दाराला कडी नाही, तरी*
*वारासुद्धा नाही आला.*

बोलणारं माणूस बाई की बुवा, कविता सांगत नाही. कोण आलं नाही, तेही सांगत नाही. मेलं, रुसलं, विसरलं, की मुळात कधी येणारच नव्हतं, काहीच नाही. बाईंचे चार दिवस ह्या न सांगण्यावरच जायचे. पहिल्या दिवशी पोरं छातीठोकपणे म्हणत, नवरा आला नाही. दुसऱ्या दिवशी, मुलगा. तिसऱ्या दिवशी वाद. चौथ्या दिवशी शांतता, आणि त्या शांततेत बाई म्हणत, आता वाचा.

मनीने पंधरा दिवस घेतले. आईला तिने दोनच प्रश्न विचारले. एक, पेले काचेचे की धातूचे? बाई म्हणाल्या, लिहिलेलं नाही. दोन, उशीर कुणाला झालाय? बाई म्हणाल्या, तेही लिहिलेलं नाही. मनीने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

फाइल हातात आली ती तासाच्या दिवशी सकाळीच. घरी पाहायला वेळ नव्हता. चालवायची कशी, एवढंच मनीने शिकवलं: हे बटण पुढे, हे मागे, घाबरू नकोस, काही फुटत नाही.

*

वर्गात पडदे ओढले, दिवे घालवले. पहिल्या स्लाइडवर काहीच नव्हतं, नुसता काळोख, आणि त्यात ओळ हळूहळू उमटत गेली, एकेक शब्द, मध्ये भरपूर वेळ सोडून. पोरं गप्प झाली. एकोणतीस वर्षांत बाईंनी वर्ग इतका गप्प केला नव्हता. मग दोन पेले आले, आणि त्यातला एक, आवाजही न होता, नाहीसा झाला. टेबलावर त्याच्या बुडाचा ओला गोल तेवढा राहिला. पुठ्ठ्याला हे जमलं नसतं, बाईंनी मनात कबूल केलं. लेकीने कविता वाचली होती. नीट, थांबत वाचली होती. आईला अभिमानाने भरून आलं आणि त्याच भरात त्यांनी बटण दाबलं.

खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीवर करडा कोट.

तो कोट बाईंना अंधारातही ओळखू आला असता. तिसरं बटण त्यांनीच शिवलेलं. मूळचं हरवलं होतं, घरात काळंच होतं, म्हणून काळंच लावलं. वजनकाटे दुरुस्त करणारा त्यांचा नवरा एका थंडीच्या संध्याकाळी बल्ब आणायला खाली उतरला तो परत आला नाही. कोट न घेताच गेला होता, म्हणून पहिले काही तास त्या बिनघोर होत्या. एवढ्या थंडीत कोटाशिवाय माणूस किती लांब जाणार? चार महिन्यांनी दुसऱ्या एका गावाहून दोन ओळींचं पत्र आलं. मी बरा आहे. शोधू नका. मनी तेव्हा नऊ वर्षांची होती. रोज विचारायची, बाबा कधी येणार? आणि आई रोज सांगायची, आज उशीर होईल त्यांना. पत्र आल्यावरही तेच सांगत राहिली. आधी महिने, मग वर्षं. पुढे पोरीने विचारायचं सोडलं. कोट आधी दारामागे होता, मग कपाटात गेला, आणि त्याविषयी घरात अळीमिळी गुपचिळी. सोळा वर्षं झाली.

आता तो अख्ख्या वर्गासमोर भिंतभर टांगलेला होता. पावलांचा आवाज आला, जिना उतरत जाणारा, मग तोही थांबला.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे कोण गेलेत?"

एरवी हे विचारणाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे अडवलं असतं. कोट कवितेत कुठे आहे, दाखव. कुणी गेलंय असं कुठे लिहिलंय? हात वर जायला हवा होता. हात टेबलावरच राहिला. अंधारामुळे कुणाला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि अंधारातून त्यांनी एवढंच म्हटलं, "तुम्हीच बघा."

पोरांनी पाहिलं. बाईंनी शिकवलं होतं तसंच पाहिलं, काही म्हणता काही न सोडता. कुणी म्हणालं, बाहीचं अस्तर फाटलंय. कुणी म्हणालं, बाई, एक बटण वेगळं आहे, म्हणजे कुणीतरी प्रेमाने शिवलंय. एक पोरगा म्हणाला, कोट ठेवून गेलाय म्हणजे परत यायचं होतं त्याला. दुसरी म्हणाली, नाही, कोट ठेवून गेला म्हणजे इथलं काहीच नको होतं. इतकं बारकाईचं वाचन त्या वर्गात कधी झालं नव्हतं. कविता बाजूला राहिली आणि कोट वाचला गेला. चारही दिवस बाईंनी तीच फाइल लावली. चारही दिवस खुर्ची आली की त्या बटणावरचं बोट उचलून घेत आणि स्लाइड जरा जास्तच वेळ राहू देत.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर मनी मागच्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. बाई म्हणाल्या, छान झालंय. पोरं गप्प बसली. मग त्या कांदा चिरायला बसल्या. मनी अजून थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

परीक्षेत नेमका त्याच कवितेवर प्रश्न आला. एक उचलून ठेवला, ह्या ओळीतून कवितेतल्या व्यक्तीची मनःस्थिती स्पष्ट करा. अडतीस जणांनी मनापासून स्पष्ट केली: घरातला पुरुष कोट ठेवून गेला आहे, त्या कोटाचं तिसरं बटण काळं आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघं त्या आठवड्यात आजारी होती. तिसरीचा चष्मा फुटला होता, तिला बोर्ड दिसतच नव्हता. तिचं उत्तर वर्गातलं एकमेव बरोबर उत्तर होतं. पाचपैकी पाच.

*

सरांचा कागद पर्समध्ये घेऊन बाई तीन मजले चढल्या. मनीला सांगणं भाग होतं, कारण फाइल तिची होती. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मनीने हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि स्क्रीनकडेच बघत राहिली.

मग म्हणाली, म्हणजे चूक माझी. बाई म्हणाल्या, तुझी कसली. तू चित्र काढलंस, शिकवलं मी. मनी म्हणाली, सही करून टाक, पोरं पुढच्या खेपेला बसतील. बाई म्हणाल्या, अडतीस पोरांचं वर्ष आहे. मनी म्हणाली, आणि तुझी दोन आहेत. तुला वर्गाशिवाय काय येतं, आई? घरात तर तू बोलतही नाहीस.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी पर्स खुंटीला लावली.

"तो कोट तू कधी काढलास कपाटातून?"

"तू शाळेत होतीस तेव्हा. खुर्चीवर ठेवला, फोटो काढला, परत जागेवर ठेवला. घडीसुद्धा तशीच घातली."

"कविता वाचून?"

"सहाव्या ओळीपर्यंत वाचून." मनी अजूनही स्क्रीनकडेच बघत होती. "त्या ओळीनंतर मला दुसरं काही दिसेचना. मला वाटलं, तू बघशील आणि मला ओरडशील. म्हणशील, हे कवितेत नाही, काढून टाक. किंवा काहीतरी म्हणशील. मी त्या दिवशी काम न करता बसून होते, आई. तू म्हणालीस छान झालंय."

बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापत ठेवलं. मग टेबलापाशी बसून मंडळाला पत्र लिहिलं, हाताने, अर्ध्या पानाचं. कोट विद्यार्थ्यांना मी दाखवला. तो कवितेत नाही. विद्यार्थ्यांनी कॉपी केलेली नाही, मी दाखवलं ते त्यांनी लिहिलं. सरांचा कागद त्यांनी फाडला नाही. दुसऱ्या दिवशी न सही करता परत दिला. सरांनी तो बघितला, बाईंकडे बघितलं, आणि रिमोट खिशाला लावून म्हणाले, तुमची मर्जी.

*

मंडळाची कचेरी म्हणजे लांबच लांब व्हरांडा आणि प्रत्येक दाराबाहेर एक बाक. सुनावणीला प्रेझेंटेशन चालवून दाखवा, असं पत्रात होतं, म्हणून मनी लॅपटॉप घेऊन सोबत आली होती. रिमोट सरांनी तब्येतीचं कारण कळवलं होतं. आत तिघं होते. पांढऱ्या भुवयांचे अध्यक्ष, ज्यांनी स्वतः चाळीस वर्षं कविता शिकवली होती. लाल पेनाने गोल करणारा परीक्षक, दिसायला अगदीच कोवळा. आणि नोंद घेणारा कारकून.

मनीने फाइल लावली. पडदा नव्हता, भिंतीवरच दाखवलं. काळोख, ओळ, दोन पेले, एक पेला, ओला गोल. परीक्षक पुढे सरकून बसला. खुर्ची आली, कोट आला, पावलं जिना उतरून गेली. अध्यक्षांनी हाताने खूण करून तिथेच थांबवायला सांगितलं. ते उठले, भिंतीजवळ गेले आणि बटणं मोजली. एक, दोन, तीन.

"पोरांनी कॉपी केलेली नाही," ते परीक्षकाला म्हणाले. "पोरांनी पाहिलंय. फारच नीट पाहिलंय."

परीक्षकाने कान खाजवला आणि म्हणाला, मला काय माहीत सर, माझ्यासमोर नुसते कागद होते. अध्यक्षांनी तिथेच शेरा लिहिला, सही केली. कॉपीचा ठपका काढला, त्या प्रश्नाला पाचपैकी दोन द्यावेत, निकाल सोमवारी लावावा. बाईंनी ते तीनदा ऐकल्यासारखं ऐकलं. खांद्यावरून काहीतरी उतरलं, आणि त्या निघायच्या बेतात होत्या तेवढ्यात कारकून म्हणाला, एक रकाना राहिलाय.

त्याने वाचून दाखवलं. संबंधित शिक्षिकेच्या चूक लक्षात आली होती काय. आली असल्यास दुरुस्त न करण्याचे कारण.

अध्यक्षांनी भुवया चोळल्या. मग ते अगदी घरच्यासारखं बोलले. हा रकाना रिकामा राहिला तर कर्तव्यात कसूर लागते, बाई, आणि मग वर्गावर ठेवता येत नाही. तो नियम माझ्या हातात नाही. पण कारण माझ्या हातात आहे. फाइल ऐनवेळी मिळाली, मशीन नवीन होतं, मागे कसं न्यायचं ते कळलं नाही, ह्यातलं काहीही लिहा. मी पुढे विचारणार नाही. तुमच्यासारखी शिकवणारी माणसं आता उरली किती? त्यांनी कारकुनाला पेन उचलायला सांगितलं.

बाई भिंतीकडे बघत होत्या. मशीन नवीन होतं. खोटंही नव्हतं ते. तेवढं एक वाक्य, आणि जूनमध्ये नवा वर्ग, नवे पुठ्ठे, तिसऱ्या शब्दाला वर जाणारा हात.

"मागे नेता येत होतं," त्या म्हणाल्या. "लेकीने शिकवलं होतं."

"म्हणजे चूक दिसली होती?"

"पहिल्याच दिवशी दिसली."

"मग काढली का नाहीत?"

कारकुनाचं पेन रकान्यावर टेकलं. परीक्षक खाली बघायला लागला. लॅपटॉपमागून मनी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, हळूच म्हणाली, "सांग ना, आई. त्यांच्यासाठी नको. मला ऐकायचंय."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. मग त्यांनी मांडीवरची पर्स खांद्याला लावली, खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सरकवली, दार ओढलं आणि व्हरांड्यातून चालत गेल्या.